पिंप कधी रिकामं राहिलं नाही

शाळेचा दिवाळी अंक निघणार होता. निवृत्त झालेल्या सगळ्यांकडून दोन-दोन पानं हवीत, असा मुख्याध्यापकांचा निरोप आला. मी चौथी शिकलेली, शाळेत शिपाई होते, माझ्याकडून काय घेणार म्हणून गप्प बसले. तर दुसऱ्यांदा निरोप आला, की अंकात सर्व स्तरांना स्थान द्यायचं ठरलं आहे. म्हणजे एक स्तर कमी पडत होता. मग मी दोन पानं लिहून दिली. शाळा हे मंदिर, मुलं ही फुलं आणि मी भाग्यवान, असं सगळं त्यात होतं. एक वाक्य तेवढं माझं स्वतःचं होतं. 'माझ्या पूर्ण नोकरीत मुलांच्या पाण्याचं पिंप एक दिवसही रिकामं राहिलं नाही.' ते सरांना इतकं आवडलं की माझ्या फोटोखाली चौकट करून छापलं.

त्या दोन पानांत जे मावलं नाही ते इथे लिहिते. हे कुणाला द्यायचं नाही. चारचौघांत माझा आवाज फुटत नाही. वहीत फुटतो, आणि वही मध्येच 'मावशी, जरा चहाचं बघा' म्हणत नाही.

आमची सरकारी शाळा घाटकोपरला, डोंगराच्या पायथ्याशी. पाचवी ते आठवी, मराठी माध्यम. नवरा गेला आणि मला शिपायाची जागा मिळाली. शिपायाचं काम म्हणजे टोल द्यायचा आणि चहा आणायचा, असं लोकांना वाटतं. ते तर आहेच. पण खरी कामं दोन. एक पाणी आणि दुसरी सूचना वही.

मी लागले तेव्हा वरच्या मजल्यांवर पाणी चढत नसे. प्रत्येक मजल्यावर एक पिंप. ते खालच्या नळावरून बादल्या नेऊन भरायचं, आणि पहिला तास संपायच्या आत भरायचं, कारण नंतर नळ जायचा. माझी कंबर तेव्हापासूनच रुसलेली. मग वर्गातल्या दोन-तीन धडधाकट मुली हाताशी घ्यायचे. आनंदाने यायच्या बिचाऱ्या. गणितापेक्षा बादली हलकी, असं त्यांचं म्हणणं होतं. पुढे पंप बसला आणि ते काम सुटलं.

सूचना वहीचं काम मात्र शेवटपर्यंत होतं. मुख्याध्यापक वहीत सूचना लिहितात, शिपाई ती वर्गावर्गात नेतो, शिक्षक वाचून सही करतात. वही घेऊन दारात उभं राहायचं. शिक्षक फळ्यावरचं वाक्य पुरं करून मग वळतात. तेवढ्यात कानावर पडेल ते माझं. पाचवी ते आठवी मी अशी दारात उभी राहून केली, एका वेळी दोन मिनिटं. पहिलं महायुद्ध का सुरू झालं ते मला माहीत आहे, कसं संपलं ते नाही, कारण सही झाली. झाडं अन्न बनवायला घेतात तिथपर्यंत मी पोचले आहे, जेवताना काही त्यांना पाहिलं नाही. अपूर्णांकांची एकही बेरीज माझ्यासमोर पुरी झाली नाही. तरी परीक्षेला बसले असते तर पास झाले असते. आमच्याकडे सगळेच व्हायचे.

दरवर्षी मुलांची माहिती वर कळवावी लागे. जात, धर्म, मातृभाषा, वडिलांचा व्यवसाय, घर शाळेपासून किती लांब, उंची, वजन. रकान्यांना अंत नाही. आमचे शिक्षक बदलापूर, विरारहून येणार आणि शाळा सुटली की स्टेशनकडे धावणार. डोंगरावर कोण राहतं ते त्यांना काय ठाऊक? मग हाक यायची, 'मावशी, हा कुठला? ही कुणात मोडते?' मी दारातून सांगायचे, ते लिहून घ्यायचे. सरकारला आमच्या मुलांबद्दल जे काही ठाऊक आहे, त्यातलं निम्मं माझ्या तोंडचं आहे. वडील बिगारी असोत, रिक्षा चालवत असोत की नुसते पीत असोत, व्यवसाय 'खाजगी नोकरी'. घरी हिंदी बोलणारी पोरंही जवळची शाळा म्हणून आमच्याकडेच यायची. त्यांची मातृभाषा मराठी लिहायची, म्हणजे तक्ता एकसारखा दिसतो. पोरांच्या आयांना विचारायची पद्धत नव्हती.

आता कोण शिकायचं आमच्याकडे? आमची कोकणातली माणसं कधीच इंग्रजी शाळांत गेली. ती आमच्या शाळेत मतदानाला येतात, आणि मराठी शाळा वाचवा म्हणून सह्या गोळा करायला येतात. माझाही मुलगा इंग्रजीतच शिकला, म्हणून ही ओळ मी हळू आवाजात लिहिते. राहिली डोंगरावरची. त्यात जालना, बुलढाण्याकडून आलेली बौद्ध कुटुंबं पुष्कळ. त्यांची दुसरी-तिसरी पिढी आता इथे. कुणी मॉलमध्ये सुरक्षारक्षक, कुणी दवाखान्यात वॉर्डबॉय, बायका टॉवरमध्ये घरकामाला. ही माणसं शाळेवर विश्वास ठेवायची. शाळेत पगार घेणाऱ्यांपेक्षा जास्त ठेवायची.

जूनमध्ये शिक्षक माझ्यासोबत डोंगर चढायचे. मुलं शोधायला. पट कमी झाला तर शिक्षक जास्तीचे ठरतात आणि त्यांना दुसरीकडे पाठवतात. तेवढ्यापुरतं प्रत्येक मूल देवाघरचं फूल असायचं. एका दारात एका बाईंनी आमच्या सावंत मॅडमना नम्रपणे विचारलं, 'मॅडम, तुमची मुलं कुठल्या शाळेत आहेत?' मॅडमनी पाणी मागितलं. पाणी पिऊन होईपर्यंत प्रश्न जुना झाला होता.

तर पट राखायचा आणि गुणवत्ताही दाखवायची, ही खरी कसरत. आठवीपर्यंत नापास करायचं नाही असा तेव्हा नियम होता. आता तो बदलला म्हणतात. नापास कुणी नाही, म्हणून मुलांचे दोनच प्रकार राहिले, प्रगत आणि अप्रगत. ज्याला वाचता येत नाही तो अप्रगत. अप्रगतांची यादी करायची, त्यांना शाळा सुटल्यावर एक तास वेगळं शिकवायचं आणि यादी दर महिन्याला लहान होत गेली पाहिजे. मुलं शिकोत न शिकोत, यादी मात्र फार हुशार होती. वेळच्या वेळी लहान व्हायची.

अडचण यायची वरून साहेब तपासणीला आले की. कच्ची मुलं घरी ठेवावीत तर हजेरी पडते. वर्गात ठेवावीत तर साहेब नेमके त्यांनाच उभं करतात. यावर आमच्या शाळेने जो तोडगा काढला तो आणखी कुठे असेल असं मला वाटत नाही. हजेरी घ्यायची, हजर मांडायचं आणि मग कच्च्या मुलांना माझ्याकडे कोठीत पाठवायचं.

कोठी म्हणजे जिन्याखालची खोली. तिथे मोडके बाक, गुंडाळलेले नकाशे, विज्ञानाची न उघडलेली पेटी आणि जुनी रजिस्टरं. तिथे आठ-दहा मुलांना गप्प बसवून ठेवायचं, साहेबांची गाडी जाईपर्यंत. पुढे पुढे साहेब नसले तरी यायची. पाहुणे आले, वर्गाचा फोटो काढायचा झाला, एखाद्या मॅडमचं डोकं दुखलं, की 'जा, मावशीकडे काम आहे.' शाळेत प्रत्येक इयत्तेची एकच तुकडी उरली होती. दुसरी तुकडी माझी होती.

रोशनी त्या तुकडीतली. सहावीत आली तेव्हापासून. शेलाटी, तोंडाळ, हाताने चपळ. रजिस्टरांवरची धूळ झटकून ती वर्षांप्रमाणे लावायचं काम मी पोरांना देत असे. इतरजण कंटाळायचे, ही नाही. मला तिची सवय झाली. कधी कधी वर्गातून बोलावणं यायचं, तरी मी म्हणायचे, राहू दे, अर्धं कपाट राहिलंय.

एकदा तिच्या हाताला जनरल रजिस्टर लागलं. शाळेत नाव घातलेल्या प्रत्येक मुलाची त्यात एक ओळ असते. आल्यापासून सोडून जाईपर्यंत सगळं त्या एका ओळीत. मी तिला म्हटलं, तुझी आईपण इथेच होती, बघ असेल. तिला कुठे बघता येत होतं? मीच शोधून दिलं. मग बोट धरून वाचून दाखवलं. 'सुनीता भीमराव वाघमारे. जन्मस्थळ घाटकोपर. इयत्ता सहावी. प्रगती समाधानकारक. वर्तणूक चांगली. शाळा सोडण्याचे कारण सतत गैरहजर.' मध्ये जातीचा रकाना होता, त्यावर मी अंगठा ठेवला.

'अंगठ्याखाली काय आहे?'

'ते सरकारला लागतं.'

'आणि आपल्याला?'

'आपल्याला माहीत असतं.'

तिला त्या ओळीचं वेड लागलं. आईचं नाव छापल्यासारखं वळणदार शाईत. कोठीत आली की म्हणायची, 'मावशी, मम्मीचं वाच ना.' मी वाचायचे. शंभरदा वाचली असेल ती ओळ. मला अक्षर लावून वाचायची सवय, पण ह्या ओळीत मी कुठे अडखळत नसे.

सुनीता मला बाजारात भेटायची. टॉवरमध्ये तीन घरची कामं करायची. रोशनी आठवीत गेली तेव्हा तिने मला थांबवून सरळ सांगितलं, 'मावशी, तुम्ही तिथे आहात म्हणून सांगते. हिला वाचता आलं तर नववीला घालीन, कर्ज काढून घालीन. पण येत नसेल तर कशाला? हायस्कूलमध्ये पहिल्याच दिवशी उभी करतील, वर्ग हसेल. त्यापेक्षा माझ्याबरोबर येऊ दे कामाला.' मी मान हलवली. मी नेहमी मानच हलवते.

त्याच वर्षी साहेब अचानक आले. वर्गांत सगळं झकास झालं, निवडलेल्या पोरांनी निवडलेले धडे वाचले. मग साहेबांना हात धुवायचे होते आणि त्यांनी भलतंच दार ढकललं. आत मी, नऊ पोरं आणि धूळ.

साहेबांनी विचारलं, हे काय? मुख्याध्यापक मागून आले. त्यांच्या हुशारीला मी आजही मानते. श्वाससुद्धा न घेता म्हणाले, 'सर, आपला जुन्या दप्तराच्या जतनाचा उपक्रम. मुलं स्वतः हाताळतात.' साहेबांनी रोशनीकडे बोट केलं. तिच्या मांडीवर जनरल रजिस्टर उघडं होतं. 'वाच बघू यातलं काहीही.'

रोशनीने ओळीवर बोट ठेवलं आणि खणखणीत आवाजात म्हणाली, 'सुनीता भीमराव वाघमारे. जन्मस्थळ घाटकोपर...' थेट सतत गैरहजरपर्यंत, न थांबता. साहेब खूश झाले. म्हणाले, हस्ताक्षरातलं इतकं सफाईने आमच्या ऑफिसातले लोक वाचत नाहीत. सरांनी फोटो काढला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, कोठीतल्या पोरांनीसुद्धा.

मी तिच्या मागे उभी होते. पान वेगळंच होतं. तिचं बोट कुणा दत्ताराम नावाच्या मुलाच्या ओळीवर फिरत होतं.

मी तेव्हा बोलायला हवं होतं. साहेब, सर, टाळ्या, एवढ्यांत मी काय बोलणार, असं मनाला सांगितलं. संध्याकाळपर्यंत तो फोटो पालकांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर गेला, खाली 'वाचन अभियानाचे यश'. दुसऱ्या दिवशी सुनीता शाळेत पेढे घेऊन आली. मलाही एक दिला. म्हणाली, नववीचं ठरलं आता. तो पेढा मी खाल्ला. गोड होता, काय सांगू.

रोशनीचं नाव अप्रगतांच्या यादीतून निघालं, आणि यादीबरोबर तो वेगळा तासही गेला. वाचायला शिकवायची जी एक जागा होती, तिथून तिला वाचता येतं म्हणून काढलं.

चार दिवस मी झोपले नाही. मग धीर करून तिच्या वर्गाच्या सावंत मॅडमना गाठलं. खाली मान घालून सांगितलं, की तिला पाठ होतं, पान दुसरंच होतं. मॅडम वाईट नव्हत्या. त्या खुर्चीत मागे टेकल्या आणि म्हणाल्या, 'अहो मावशी, वर कळवून झालंय. अप्रगतचं प्रगत करायला रकाना आहे. प्रगतचं परत अप्रगत करायला कुठे आहे?'

'पण तिला येत नाही ना.'

'मला माहीत आहे. तुम्हाला आज कळलं?'

त्यांनी तिला वर्गात पुढच्या बाकावर घेतलं, तेवढं मात्र केलं. पण पन्नास मुलांत पुढचा बाक तो काय पुरणार.

मग मला माझ्या दुसऱ्या कामाची आठवण झाली. सूचना वहीत रोज नवीन सूचना असते. ती पाठ करायला कुणाला सवडच नसते. मी रोशनीला सांगितलं, माझा चष्मा फुटलाय, तू माझ्याबरोबर चल आणि प्रत्येक दाराशी मला वाचून दाखव काय लिहिलंय ते. चष्मा माझ्या पर्समध्ये होता. सरांना सांगितलं, जिने चढवत नाहीत, पोरगी सोबत असू दे. कुणीच हरकत घेतली नाही. पोराने वर्ग सोडून शिपायाबरोबर हिंडायला आमच्याकडे कधीच हरकत नव्हती.

पहिली सूचना होती, 'सर्व शिक्षकांनी दुपारच्या सुट्टीत कार्यालयात उपस्थित राहावे.' ती 'स' वरच बसली. मला वाटलं चिडेल. चिडलीच. म्हणाली, 'मम्मीची ओळ वाचू का?'

'नको. ती तुला येते.'

ती माझ्याकडे बघत राहिली. तिला कळलं की मला ठाऊक आहे. पुन्हा 'स' वर बोट ठेवलं.

मला जे येत होतं ते चौथीपर्यंतचं. जोडाक्षरांना माझाही घाम निघायचा. 'विद्यार्थी' ह्या शब्दाशी आम्ही दोघी आठवडाभर झटापट केली, आणि शाळेत त्याच्याशिवाय एक सूचना निघत नाही. कधी सही करता करता मॅडम चूक सुधारायच्या, तिची आणि माझीही. आधी ती एका दाराशी एक शब्द लावायची. दिवाळीनंतर चौथ्या दारापर्यंत वाक्य लागायला लागलं. फेब्रुवारीत एकदा तिने आतल्या आत वाचून हसून दिलं. विचारलं तर म्हणाली, 'सरांनी लिहिलंय, शिक्षकांनी वर्गात मोबाईल वापरू नये. आणि सही कोण करतंय बघ मावशी, एका हाताने.'

वर्ष संपलं. दाखले द्यायच्या दिवशी सुनीता कामावरून थेट आली. ऑफिसात गर्दी होती म्हणून मी दोघींना कोठीत बसवलं. रोशनीने दाखला हातात घेतला. तो तिने आधी पाहिला नव्हता, हे मला माहीत होतं. ती सावकाश वाचू लागली. थांबत, अक्षर लावत, एकदा मागे जाऊन. जन्मतारीख अक्षरी लिहिलेली असते, तिथे फार वेळ लागला. पण सगळं वाचलं. सफाई गेली होती आणि वाचन आलं होतं. सुनीताच्या चेहऱ्यावर काहीच फरक नव्हता. तिच्या मते हे साहेब आले तेव्हाच झालेलं.

मला मोकळं वाटलं. इथेच थांबलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं.

रोशनी उठली आणि कपाटातून जनरल रजिस्टर काढलं. म्हणाली, 'मम्मी, तुझं ऐक.' पान तिचं तिने शोधलं. बोट बरोबर ओळीवर होतं. जातीच्या रकान्यावर कुणी अंगठा ठेवला नाही, तिने तोही वाचला. आणि शेवटी, 'शाळा सोडण्याचे कारण, सतत गैरहजर.'

सुनीता हसली. म्हणाली, 'परत वाच.' रोशनीने परत वाचलं.

मग सुनीता माझ्याकडे वळली. इतकी वर्षं ती मला तुम्ही म्हणायची. त्या वेळी लहानपणीचं तू तोंडात आलं. 'मी गैरहजर कुठे होते गं मावशी? रोज तर यायचे. पहिल्या तासाला सर हजेरी घ्यायचे, तेव्हा तुझ्याबरोबर पाणी भरत होते ना.'

रागाने बोलली नाही. राग असता तर बरं झालं असतं. गंमत आठवल्यासारखी बोलली. लेकीला सांगत होती, दोन हातांत दोन बादल्या आणि तीन मजले, कुणाला जमायचं नाही असं. नाव कमी झालं तेव्हा तिला वाटलेलं, आपण ढ आहोत म्हणून काढलं. रोशनी आईकडे बघत नव्हती. माझ्याकडे बघत होती. तिला माझ्यापेक्षा लवकर कळलं.

दोघी गेल्यावर मी लिपिकाकडे गेले. आयुष्यात पहिल्यांदा कुणी न विचारता बोलले. सांगितलं की ह्या ओळीत चूक आहे, ही मुलगी हजर होती, मी साक्षीला आहे. लिपिक भला माणूस. त्याने ओळ पाहिली, वर्ष पाहिलं आणि म्हणाला, 'मावशी, हजेरीपत्रकाला साक्ष चालत नाही.' मग विचारलं, 'आणि अशा किती होत्या?'

मी आठवायला लागले. कमल होती. दोन बहिणी होत्या, नावं गेली, धाकटीच्या केसांना लाल रिबीन असायची. एक शोभा. मी मोजणं थांबवलं.

रोशनी नववीला गेली. दहावीला एक विषय राहिला होता, तो ऑक्टोबरात काढला. आता कॉलेजात आहे. दिवाळी अंक तिने वाचला, चौकटीतल्या वाक्यासकट, आणि मला फोन केला. म्हणाली, छान लिहिलंय मावशी.

वाक्य खरंच आहे. पिंप एक दिवसही रिकामं राहिलं नाही. ते कोण भरत होतं, एवढंच लिहायचं राहिलं, आणि चौकटीत जागाही नव्हती.